‘कलर कॉमेंटेटर’ला मराठीत काय म्हणाल?

राजारामपुरी नववी गल्ली:
एका शब्दावर चार दिवस अडलेय. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या क्रीडा समालोचकांत कृष्णवर्णीय कुठे आहेत, यावरचा लेख मराठीत करतेय. तिकडे समालोचन जोडीनं चालतं. एक जण चेंडू कुणाकडे, किती यार्ड गेला हे क्षणाक्षणाला सांगतो. दुसरा, बहुतेक वेळा निवृत्त खेळाडू, मधल्या वेळात डावपेच उलगडतो, किस्से सांगतो. हा दुसरा ‘कलर कॉमेंटेटर’.

लेखाचा जीवच या दोन खुर्च्यांत आहे. अर्व्ह क्रॉस हे कृष्णवर्णीय, माजी अमेरिकन फुटबॉलपटू १९७५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘द एनएफएल टुडे’ या फुटबॉलवरच्या कार्यक्रमात विश्लेषक म्हणून बसले. सुपर बोल या तिकडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं मुख्य समालोचन, म्हणजे पहिली खुर्ची, मात्र एका कृष्णवर्णीय माणसाकडे, ग्रेग गम्बेल यांच्याकडे, जानेवारी २००१ मध्ये आलं. मैदानावर बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असूनही मधे पंचवीस वर्षं गेली. मी दोघांनाही ‘समालोचक’ लिहिलं आणि मुद्दाच बुडाला. मग ‘रंगीत समालोचक’ केलं. सासऱ्यांनी वाचून विचारलं, “म्हणजे काळा माणूस का गं?”

तालीमवाला:
ताई, आमच्याकडं ही दोन्ही कामं एकच गडी करतोय. खासबागेत निवेदक बघा. कुस्ती जुंपली की पट, ढाक, घिस्सा, जे लागंल ते त्या क्षणाला सांगणार. पैलवान नुसतं हात अजमावत असलं की मग गाव कुठलं, वस्ताद कोण, थोरल्या भावानं कुठली कुस्ती मारली, सगळं येतंय. त्यानं रंगत येती. तुमच्या दुसऱ्या माणसाला ‘रंगतकार’ म्हणा की.

निवृत्त मास्तर:
रंगतकार नको. पहिला जाणकार आणि दुसरा करमणुकीला, असा वास त्या शब्दाला येतो. कृष्णवर्णीय समालोचकांची तक्रार याच वाटणीबद्दल आहे, तिला आपणच मराठीत शिक्का कशाला द्यायचा?

मुळात संस्कृत ‘वर्ण्’ म्हणजे रंगवणे. ‘वर्णन’ त्यातूनच आलं. म्हणजे ‘कलर’ आपल्या शब्दात आधीपासून आहे. दुसऱ्याला ‘वर्णनकार’ म्हणावं.

राजारामपुरी नववी गल्ली:
सर, व्युत्पत्ती फार आवडली. पण आपल्याकडे ‘धावतं वर्णन’ करतो तो पहिला! वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

शाहूपुरी:
एवढा खटाटोप कशासाठी? ‘कलर कॉमेंटेटर’च लिहा आणि एका ओळीत समजावून सांगा. पानपट्टीवर उभं राहून आजवर कुणी ‘समालोचन’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, सगळे कॉमेंट्रीच म्हणतात.

निवृत्त मास्तर:
बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगायचे, तेव्हा ट्रान्झिस्टरभोवती गर्दी व्हायची. लोकांना मराठी शब्द जड झाले नव्हते. वापरलेच नाहीत तर ते रुळणार कसे?

कसबा बावडा:
माझं वेगळंच म्हणणं आहे. ‘कृष्णवर्णीय’ तरी का? वर्ण म्हटलं की आपल्याला चातुर्वर्ण्य आठवतं. ‘वंश’ म्हणावं तर त्याचा एक अर्थ वेळू. शाहू स्टेडियमवर एका सामन्यात माइकवरचा माणूस परदेशी खेळाडूला सारखा ‘निग्रो, निग्रो’ म्हणत होता. आपल्या पोरांची नावं घेत होता, त्याचं एकदाही नाही. पाठीवर नंबर होता, हातात यादी होती. मी पुढच्याच बाकावर होतो. मध्यंतरात तो पोरगा पाणी पिताना त्या माइककडे बघत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तालीमवाला:
हे वाईटच. पर आमच्या आज्याच्या तोंडी ‘हबशी’ असायचा, त्यात शिवी नव्हती.

निवृत्त मास्तर:
‘हबश’ हे अरबीत अबिसीनियाचं नाव. जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच म्हणवले गेले. शब्द देशावरून आला, पण आज तोंडावर म्हटलात तर अपमानच आहे.

कसबा बावडा:
तेच तर. जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनच्या कसोटीत पाऊस पडत होता, तेव्हा वेस्ट इंडीजचे माजी गोलंदाज मायकल होल्डिंग वर्णद्वेषावर बोलले. मी ते थेट ऐकलं. समालोचकाच्या खुर्चीवर ते होते म्हणून ते घराघरांत पोचलं. त्या खुर्चीवर कोण बसतं याला एवढं महत्त्व आहे.

शाहूपुरी:
आणि ताई, ‘डायव्हर्सिटी’ला काय लिहिलंत? ‘विविधता’ नको. ती बागेत असते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा ठेवल्या, तेव्हा सरळ आकडा सांगितला. ‘प्रतिनिधित्व’ लिहा, नाहीतर ‘वाटा’.

निवृत्त मास्तर:
‘वाटा’ला हरकत आहे. त्यात दिल्याचा भाव येतो. ‘हक्क’ म्हणा.

शाहूपुरी:
वाटा मागताही येतो, मास्तर. भावकीत विचारा.

राजारामपुरी नववी गल्ली:
‘वाटा’ घेतेय. लेख उद्या द्यायचाय. पहिल्याला ‘मुख्य समालोचक’, दुसऱ्याला ‘विश्लेषक’ असं तूर्त लिहिलंय. पण त्यात किस्से, गाव, वस्ताद हे काहीच येत नाही.

तालीमवाला:
म्हणूनच ‘रंगतकार’ म्हणतोय!