डॉक्टर कमी बोलले तर चालतं का? प्राण्यांच्या दवाखान्यातले बरे-वाईट अनुभव

बोक्याची आई

गेल्या महिन्यात माझा ६ वर्षांचा बोका संध्याकाळपासून सारखा लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या वाळूच्या डब्यात) जात होता. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, दोन मिनिटांत परत आत. मधूनच खाली चाटत बसायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. ज्यांनी उचलला त्यांनाही तसंच वाटलं. "उद्या सकाळी आणा," म्हणाले.

रात्री दोन वाजता तो उलटी करून पलंगाखाली जाऊन पडला. उचलायला गेले तर असा ओरडला की हात मागे घेतला. पोटाखाली टेनिसच्या चेंडूसारखं काहीतरी कडक लागत होतं. रात्रभर उघडा असणारा दुसरा दवाखाना शोधून तिथे नेलं. त्यांनी दारातच त्याला टोपलीतून उचललं आणि आत गेले. अर्धा तास कोणी काही बोललं नाही.

मग एक तरुण डॉक्टर बाहेर आली, शेजारी बसली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. हे मूत्राशय, ही नळी. बोक्यांमध्ये ही नळी पुढे फार अरुंद होते. तिथे खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते. ती बाहेर पडली नाही की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मग म्हणाली, "आता कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातलाय. पुढचे दोन दिवस तो इथे राहील. पुन्हा तुंबू शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते."

बोका वाचला. तो कागद अजून माझ्या फ्रिजवर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. पहिल्या दवाखान्यात मला एक प्रश्न विचारला असता, "लघवी झालेली तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत का?", तर आठ तास वाचले असते. तुमचे अनुभव सांगा. पटत नसेल तर तेही सांगा.

दोन शेपट्या

ताई, बोका वाचला हे वाचून बरं वाटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

आमचे डॉक्टर दोन शब्दांवर तिसरा बोलत नाहीत. २० वर्षं त्यांच्याकडे जातोय. मागच्या वर्षी लॅब्रॅडोरला नुसती लस द्यायला नेलं होतं. लस देण्याआधी ते नेहमी पोट चाचपतात. त्या दिवशी त्यांचा हात डाव्या बाजूला थांबला, पुन्हा तिथेच गेला. "प्लीहेवर गाठ आहे. आजच सोनोग्राफी करा." बस, एवढंच. कुत्रा खेळत होता, खात होता, आम्हाला कसलीही शंका नव्हती. ती गाठ आतल्या आत फुटली असती तर पोटात रक्तस्राव होऊन गेला असता. प्लीहा काढली, कुत्रा आज माझ्या पायाशी झोपलाय.

गोड बोलणारे डॉक्टरही पाहिलेत. पिल्लाचे लाड करतात, फोटो काढतात, आणि तोंड उघडून दात बघायचे विसरतात. मला हात हवा, जीभ नको.

नाडीपरीक्षा

मी स्वतः प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून त्या अर्ध्या तासाबद्दल लिहिते.

लघवी तुंबलेला बोका येतो तेव्हा कॅथेटर आधी घालता येत नाही. आधी शिरेत सुई, मग हृदयाचा आलेख. पोटॅशियम फार वाढलं असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन हृदय सांभाळावं लागतं, नाहीतर भूल देतानाच तो जाऊ शकतो. रात्री दोन वाजता दवाखान्यात आम्ही दोघं असतो, कधी एकटीच. त्या वेळी मी बाहेर येऊन बोलत बसले तर आत कोण थांबणार? शांतता म्हणजे बेपर्वाई असं धरू नका. बऱ्याचदा ती शांतता म्हणजे कोणाचे तरी दोन्ही हात गुंतलेले असतात.

फोनवरची चूक मात्र चूकच आहे, तिची बाजू मी घेणार नाही. बोका जोर करतोय असा फोन आला की आमच्याकडे नियम आहे: बद्धकोष्ठ धरायचंच नाही, लगेच बोलवायचं. फोन घेणाऱ्या माणसाला हे शिकवणं डॉक्टरचं काम आहे.

बोक्याची आई

डॉक्टर, तुम्ही आतलं सांगितलंत म्हणून मला आज कळलं की त्या अर्ध्या तासात काय चाललं असेल. हेच तर मी म्हणतेय. "जिवंत आहे, हृदयावर उपचार चालू आहेत, थोड्या वेळाने सांगतो" हे एक वाक्य दारातून कोणीही सांगू शकलं असतं. तो अर्धा तास मी रिकाम्या टोपलीकडे बघत काढला.

रानवाट

मी कडवट लिहिणार आहे, आधीच सांगते.

माझी मांजर थोडी बारीक झाली म्हणून नेलं. ती दवाखान्याला भयंकर घाबरते. वाटेत टोपलीतच लघवी केली, टेबलावर तिघांनी धरलं, मानेची कातडी पकडली, रक्त काढलं. साखर वाढलेली आली. "मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू करू." सुई कशी टोचायची ते पाच मिनिटांत दाखवलं आणि घरी पाठवलं.

मला राहवलं नाही, दुसरं मत घेतलं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी टोपलीवर टॉवेल टाकून तिला पंधरा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं ठेवलं. मग टोपलीचं झाकण काढून तळातच बसू दिलं आणि तिथेच तपासलं. म्हणाले, घाबरलेल्या मांजरीची साखर भीतीनेच खूप चढते, एका आकड्यावर मधुमेह ठरवता येत नाही. फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी केली. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवसाची भीती त्यात येत नाही. ती नॉर्मल आली. वजन उतरण्याचं कारण दाढ होती. मुळाशी सडलेली दाढ.

मधुमेह नसलेल्या मांजरीला मी रोज दोनदा इन्सुलिन टोचलं असतं. साखर उतरून झटके आले असते, कदाचित गेलीही असती. दोन शेपट्या, तुम्हाला हात हवा म्हणता. इथे हातानेच घोळ केला. तिला ज्या हातांनी धरलं, त्यांनीच तो खोटा आकडा तयार केला.

तेव्हापासून तपासण्यांची यादी हातात पडली की मी विचारते: ही कशासाठी? हिचं उत्तर हो आलं तर काय करणार, नाही आलं तर काय करणार? दोन्ही वेळा उपचार तोच असेल तर तपासणी कशाला?

तळ्याकाठी

रानवाट, प्रश्न विचारा, पण संशयाने नको. मी संशय घेतला होता.

माझी कुत्री ९ वर्षांची, नसबंदी केलेली नव्हती. पाणी खूप प्यायला लागली, जरा मलूल. डॉक्टर म्हणाले आत्ताच सोनोग्राफी करा. मला वाटलं उन्हाळा आहे, पाणी पिणारच, हे उगाच यंत्र वापरायला बघतायत. "दोन दिवस बघते," म्हणून घरी आले. गर्भाशयात पू झाला होता. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हे होतं, आणि गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. सगळं विष आत. दोन दिवसांनी तिला उचलून न्यावं लागलं. ऑपरेशन झालं, पण मूत्रपिंडं तोवर गेली होती.

ती गेली. डॉक्टरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

दोन शेपट्या

तळ्याकाठी, वाईट वाटलं. पण बघा, तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर होतं आणि तुम्ही ऐकलं नाहीत. इथे न बोलण्याचा दोष कुठे आला?

तळ्याकाठी

काका, ते "सोनोग्राफी करा" एवढंच म्हणाले होते. "गर्भाशयात पू असू शकतो, आज काढला तर वाचेल" असं म्हणाले असते तर मी दारातून बाहेर पडले नसते. मी त्यांना दोष देत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

उंबरठा

मला निरोपाच्या वेळेबद्दल लिहायचंय. मी दोन कुत्र्यांना निरोप दिलाय, दोन वेगळ्या दवाखान्यांत.

पहिल्या वेळी सही घेतली आणि इंजेक्शन दिलं. तो शांत झाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून होतो. मग एकदम त्याची छाती वर आली, तोंड उघडलं, मोठा श्वास घेतल्यासारखं झालं. मी ओरडलो, "तो जिवंत आहे, थांबवा!" डोळे उघडेच होते. डॉक्टर म्हणाले, "होतं असं," आणि हातमोजे काढायला वळले. ७ वर्षं झाली. अजून रात्री तो श्वास ऐकू येतो, आणि आपण त्याला अर्धवट जिवंत असताना सोडून आलो असं वाटतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याबरोबर जमिनीवर सतरंजीवर बसले. आधीच सगळं सांगितलं: पहिलं इंजेक्शन फक्त झोपेचं. ती गाढ झोपली की दुसरं, ते म्हणजे भुलीच्याच औषधाचा फार मोठा डोस. मेंदू आधी बंद पडतो, मग श्वास, मग हृदय. नंतर एखादा श्वास आल्यासारखं दिसेल, स्नायू थरथरतील, लघवी होईल, डोळे मिटणार नाहीत. "ते तिला कळत नसेल. ती तेव्हा गेलेली असेल." स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मगच म्हणाले, "गेली."

तोच श्वास आला. या वेळी मी तिचे कान कुरवाळत राहिलो.

औषध बहुधा दोन्हीकडे तेच असेल. दोन शेपट्या, मला सांगा, यात उपचार कुठे संपतो आणि बोलणं कुठे सुरू होतं?

दोन शेपट्या

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या डॉक्टरांनी आमच्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी काहीच सांगितलं नव्हतं. पण बायकोला बाहेर पाठवून ते स्वतः त्याला मांडीवर घेऊन बसले होते. ते मला पुरलं. प्रत्येकाला ते पुरणार नाही, हे मान्य.

नाडीपरीक्षा

उंबरठा, तुमचं वाचून काही वेळ लिहिता आलं नाही. तो श्वास येणार हे आधी सांगायला हवं, त्यावर माझा काही वाद नाही.

पण आता आमच्या बाजूचं एक ऐका. बोलणं दोन्हीकडून व्हायला लागतं. एक मांजर आली होती, तोंड सुजलेलं, धाप लागलेली, हिरड्या चॉकलेटी. मी विचारलं, "घरी काही औषध दिलंत का?" "नाही." तीनदा विचारलं, तीनदा नाही. हिरड्यांचा तो रंग बघून शेवटी मी पॅरासिटामॉल धरूनच उपचार सुरू केला. माणसाचं यकृत ज्या पद्धतीने ते औषध निकामी करतं, ती पद्धत मांजरीत जवळजवळ नसतेच. रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. माणसाची एक साधी गोळी मांजरीला मारू शकते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो जितका लवकर तितका उपयोगी. चौथ्यांदा विचारल्यावर मालक रडले आणि "हो" म्हणाले. त्या तीन नकारांत आमचा वेळ गेला.

मग सगळा दोष आमच्या न बोलण्याचाच का?

संथ गोगलगाय

मी इथे फक्त वाचते. आज लिहिते, कारण मीही असंच "नाही" म्हटलं होतं. वेगळ्या दवाखान्यात, कुत्र्याच्या बाबतीत. सांधे दुखतात म्हणून माझी आयबुप्रोफेनची गोळी दिली होती. काळी शी झाल्यावर नेलं. खोटं का बोलले ते सांगते. त्याआधीच्या भेटीत गोचिडी दिसल्या म्हणून त्याच डॉक्टरांनी पाच माणसांसमोर मला विचारलं होतं, "प्राणी सांभाळता येत नाही तर आणता कशाला?" त्यानंतर त्या टेबलासमोर उभं राहिलं की माझी बोबडी वळायची. मला कुत्र्याचा जीव प्यारा होता, तरी तोंडातून "नाही" निघालं. पोटात व्रण झाला होता. उशिराने खरं सांगितलं, तो वाचला.

डॉक्टर, ते मालक वाईट नसतील. त्यांना कोणीतरी आधी रागावलं असेल.

रानवाट

हे लिहायला धैर्य लागतं. आभार.

नाडीपरीक्षा

मी रागावते. त्या रात्रीही चौथ्यांदा विचारताना आवाज चढला होता.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. "औषध दिलंत का?" असं विचारत नाही. "घरात ताप-अंगदुखीच्या कुठल्या गोळ्या आहेत? पाकीट कुठे असतं, तिच्या तोंडाला लागलं असेल का?" असं विचारते. लोक पटकन सांगतात. काहीजण घरी फोन करून पाकिटाचा फोटो मागवून घेतात. घरी जातानाच्या सूचनाही मी आता लिहून देते. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही, हे मला उशिरा कळलं. तुम्हीही एक करा: घरी लंगडत असेल, खोकत असेल, तर व्हिडिओ काढून आणा. आमच्या टेबलावर प्राणी दुखणं लपवतात.

तरीही, आत जीव वाचवायचा की बाहेर सांगायचं असं झालं, तर मी आतच राहीन.

बोक्याची आई

तुम्ही आतच राहा, डॉक्टर. मी इतकंच मागतेय की दारातून कोणीतरी एक वाक्य सांगावं.

पहिल्या दवाखान्यात मी काल जाऊन आले. भांडायला नाही. तो कागद फ्रिजवरून काढून नेला होता आणि फोन घेणाऱ्या मुलीला दाखवला. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने फोनशेजारच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: बोका, जोर करतो, लघवी पाहिली का? तिथले डॉक्टर बाहेर आले, वाचलं आणि खाली "लगेच बोलवा" असं स्वतःच्या हाताने लिहिलं. माफी मागितली नाही. मीही तशी अपेक्षा धरून गेले नव्हते.

रात्रीच्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे रोज लिटरमधले लघवीचे गोळे मोजते. दोनपेक्षा कमी झाले किंवा अगदी लहान लहान दिसले की लगेच फोन करायचाय. आज सकाळपासून तीन, चांगले मोठे. बोका खिडकीत झोपलाय.