बाप आधीच धावत निघालेला असतो

मागितली की देव माफी देतोच, मग ईस्टरआधी चाळीस दिवस उपवास कशाला, हा तुमचा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडायचा. पण मला वाटतं आपण क्रम उलटा लावतो. उपवास करून माफी कमवायची नसते, ती आधीच असते, उपवासाने आपलं तिकडे लक्ष जातं एवढंच. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचं वाचन असतं ना, कपडे नको हृदय फाडा, ते हेच.

लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातली येशूची उधळ्या पुत्राची गोष्ट, बापाकडून वाटणी घेऊन ती उडवून कंगाल झालेल्या धाकट्या मुलाची, परत एकदा सावकाश वाचा. डुकरं चारताना तो घरी काय बोलायचं ते ठरवून ठेवतो, शेवटी म्हणायचं असतं की मला मजुरासारखा ठेवा, आणि प्रत्यक्षात ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, त्याआधीच बाप झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून चाकरांना सांगायला लागतो. आणि मुलगा लांब असतानाच घरचा मोठा माणूस स्वतः धावत जातो, केवढी गोष्ट आहे ही!

मला जड जातो तो मोठा भाऊ, धाकट्यासाठी मेजवानी दिली म्हणून रागावून बाहेरच थांबलेला. तो "हा तुमचा मुलगा" म्हणतो, बाप "हा तुझा भाऊ" म्हणतो. आमच्याकडे वसईत जमिनीवरून एका जवळच्या नातेवाइकाशी माझं दोन वर्षं बोलणं बंद आहे, परवा कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेलो तर फादरनी एवढंच विचारलं, त्याच्यासाठी प्रार्थना करतोस का. करत नव्हतो. मटण सोडणं त्यामानाने खूप सोपं होतं. तो भाऊ शेवटी आत गेला का, येशूने सांगितलेलंच नाही. मी अजून फोन केलेला नाही, पण ईस्टरच्या आत करणार आहे.