‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती चांगलं? फीडबॅक, अभिप्राय आणि शेरा

प्रश्न, रत्नागिरीहून

मी एका फळप्रक्रिया कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार पाहते. हापूसच्या रसाच्या डब्यांसाठी नवं लेबल करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. लंडनच्या खरेदीदाराला नमुना पाठवला. उत्तर आलं: ‘द लेबल इज क्वाइट गुड. यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट द स्टोरेज लाइन अगेन. हॅपी टू डिस्कस.’ मला ती शाबासकी वाटली. लेबलं छापून झाली, माल गेला. मग त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलेला बदल का केला नाही? बदल सांगितला होता, हेच मला कळलं नव्हतं. मी लिहिलं, ‘वी हॅव सम डाउट्स अबाउट युवर फीडबॅक्स. किंडली रिव्हर्ट.’ त्यालाही आठवडा झाला, उत्तर नाही.

माझं कुठे चुकलं? आणि या फीडबॅकला मराठीत काय म्हणायचं, अभिप्राय की प्रतिसाद?

चिपळूणहून

ताई, मी बरीच वर्षं कंपन्यांच्या पत्रांचे अनुवाद करतो. तुम्ही अडखळलात तिथे अनेक जण अडखळतात.

‘क्वाइट’ अमेरिकन माणसाने म्हटलं तर बहुतेक वेळा ‘चांगलंच झालंय’ असा अर्थ. ब्रिटिश माणसाने म्हटलं तर ‘बरं आहे’, म्हणजे अजून काहीतरी राहिलंय. पण तोच ब्रिटिश ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणेल तेव्हा ‘अगदी अशक्य’ असं समजा. चांगल्यात कमीजास्त असतं, अशक्यात नसतं, म्हणून हा फरक.

‘यू माइट वॉन्ट टू’ हे शब्दशः वाचलं तर ‘तुम्हाला कदाचित बघावंसं वाटेल’. व्यवहारात त्याचा अर्थ ‘ती ओळ बदला’ असा असतो. हुकूम दिल्यासारखं दिसू नये म्हणून वाक्य तुमच्या इच्छेवर सोडलेलं असतं, काम मात्र सांगितलेलं असतं. ‘आय वंडर इफ’, ‘परहॅप्स वी कुड’ हेही त्याच घरातले. असं काही दिसलं की त्यापुढची क्रिया कोणती ते शोधून अधोरेखित करा. तुमच्या पत्रात ती ‘लुक अगेन’ होती.

आता तुमचं उत्तर. मराठीत शंका विचारणारा विद्यार्थी गुणी समजला जातो, म्हणून आपण सहज ‘डाउट’ लिहितो. त्यांच्या कानाला त्यात अविश्वास ऐकू येतो: तुमच्या सांगण्याबद्दल आम्हाला खात्री नाही. तिथे ‘क्वेश्चन’ हवं. ‘रिव्हर्ट’ आपल्याकडच्या ऑफिसांत ‘उत्तर द्या’ म्हणून रुळलंय, पण मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. लेबलाच्या पत्रात त्याचा अर्थ ‘जुन्या लेबलावर परत या’ असाही लागेल. ‘फीडबॅक’ला अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही, आणि ‘अ फीडबॅक’ही होत नाही. शब्दयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: फीडबॅक माणसा‘ला’ देतात तेव्हा ‘टू’, कामा‘वर’ देतात तेव्हा ‘ऑन’.

रत्नागिरीहून

म्हणजे आपण सरळ बोलणारे आणि ते आडून बोलणारे, असंच ना?

दापोलीहून

नाही हो, हे मला पटत नाही. मी सरकारी कचेरीत नोकरी केली. आपल्याकडेही मऊ बोलायच्या वाटा आहेत, फक्त त्या वेगळ्या आहेत. ‘तुम्ही आकडा चुकवलात’ असं आपण साहेबाला म्हणत नाही, ‘इथे आकडा चुकलाय’ म्हणतो. आकडा आपला आपण चुकतो, माणूस वाक्यात येतच नाही. चूक अशी बाजूला ठेवायला मराठी क्रियापद फार कामी येतं. पण ‘कदाचित तुम्हाला बदलावंसं वाटेल’ असं आपण म्हणत नाही, म्हणून तुम्ही फसलात.

शब्दाचं म्हणाल तर ‘शेरा’ वरून खाली येतो. प्रतिकूल शेरा पडला की बढतीवर परिणाम, त्यात बोलणं नसतं. ‘अभिप्राय’ बरोबरीचा आहे. फाइलवर ‘अभिप्रायार्थ सादर’ लिहितात तेव्हा खरोखर मत मागितलेलं असतं. ‘प्रतिक्रिया’ मात्र या कामाला नको, ती रागाचीही असते.

देवगडहून

आमच्या बागेतली गोष्ट सांगतो. हापूसला साका होतो. बाहेरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग. एका गिऱ्हाइकाने कळवलं, ‘माल खराब निघाला.’ वाईट वाटलं, पण करणार काय? दुसऱ्याने लिहिलं, ‘दोन डझनांत पाच फळांना साका, आणि ती पाचही जास्त पिकलेली होती.’ यातून काम निघालं. फळ झाडावर पुरं तयार होऊ दिलं आणि काढल्यावर उन्हात राहिलं की साका वाढतो. तेव्हापासून आम्ही चौदा आणे तयार फळ उतरवतो आणि लगेच सावलीत आणतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाने आमचा मान राखला असं मी मानतो. त्याने आमचं नाव घेतलं नाही, फळ मोजलं. सोनाराने कान टोचावेत म्हणतात ते यासाठी, त्याला जागा ठाऊक असते. आमच्याकडे म्हणायचा तर, ‘ह्या बरा नाय’ एवढ्यावर थांबू नये, काय बरा नाय ता सांगूचा.

हर्णैहून

देवगडकरांनी सांगितलं तोच या शब्दाचा मूळ अर्थ. फीडबॅक ऑफिसात नंतर आला, आधी तो विजेच्या यंत्रांत होता. बाहेर पडणाऱ्या विजेचा काही भाग परत आत सोडायचा, याचं ते नाव. १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला, बेल लॅब या अमेरिकेतल्या टेलिफोन-संशोधन संस्थेत कामाला जाताना, न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीवर फेरीबोटीत सुचलं की तो भाग उलटा करून आत सोडला तर टेलिफोनच्या आवाजातली विकृती कमी होते. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने आकृती काढली. हाच निगेटिव्ह फीडबॅक. यंत्रात तो सगळं स्थिर ठेवतो, ऑफिसात मात्र याच शब्दाने माणसं धास्तावतात. याचं मला नेहमी वाईट वाटतं.

१९४८मध्ये नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने या सगळ्या शास्त्राला नाव दिलं सायबरनेटिक्स, ग्रीक भाषेतल्या ‘सुकाणू धरणारा’ या शब्दावरून. म्हणजे आमचा तांडेल. बोटीचं तोंड वाऱ्याने जरा वळलं की तो सुकाणूवर तेवढंच उलटं वळण देतो, पुन्हा बघतो, पुन्हा देतो. म्हणून बी.एड.च्या पुस्तकांतला ‘प्रत्याभरण’ हा शब्द जड असला तरी मला अर्थाने जवळचा वाटतो. अभिप्राय सांगून झाला की संपू शकतो. प्रत्याभरण कामात परत गेल्याशिवाय पुरं होत नाही.

रत्नागिरीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्याभरण ऑफिसात कुणी म्हणणार नाही, तिथे फीडबॅकच राहील. मराठी पत्रात मी ‘अभिप्राय’ लिहीन आणि खाली ‘त्यानुसार केलेले बदल’ असा रकाना ठेवीन. खरेदीदाराला आज हे पाठवतेय: ‘थँक यू फॉर युवर फीडबॅक ऑन द लेबल. वी मिस्ड द चेंज यू आस्क्ड फॉर. वी हॅव वन क्वेश्चन: शुड द स्टोरेज लाइन गिव्ह द टेम्परेचर आफ्टर ओपनिंग अ‍ॅज वेल?’

चिपळूणहून

छान. शेवटी एवढंच जोडा, सुधारलेला नमुना कोणत्या दिवशी पाठवाल ते.