मदत हवी आहे : गिरगावातील चाळीच्या बिऱ्हाडाची १:१२ प्रतिकृती, शेवटचा हात फिरवण्याबद्दल

नमस्कार.

माझ्या आईचे माहेर गिरगावातील एका लाकडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर होते. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी होण्याआधी तिथल्या दोन खोल्या आणि समोरची गॅलरी यांची मापे मी टेप लावून घेतली होती. त्यांवरून १:१२ या प्रमाणात, म्हणजे फुटाला एक इंच धरून, त्या बिऱ्हाडाची प्रतिकृती करायला घेतली. काम बरीच वर्षे रेंगाळत चालले, पण आता बांधकाम, रंगकाम आणि सामानसुमान जागेवर आले आहे. चार फुटी गॅलरी, बारा फुटी बाहेरची खोली आणि दहा फुटी स्वयंपाकघर एकामागे एक, अशी भिंतींची जाडी सोडून सव्वीस इंच लांबीची ही प्रतिकृती एका बाजूने उघडी आहे. काळ १९७४ चा धरला आहे. भिंतीवर त्या वर्षीचे ‘कालनिर्णय’ आहे (ते निघू लागले १९७३ पासून), स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर होतो आणि मोरीत पाण्याने भरलेले पितळी पिंप आहे. आता राहिलेल्या काही गोष्टींवर अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे, कारण या टप्प्यावर केलेले सहसा पुसता येत नाही.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जुनेपणाचा आहे. मिनिएचरमध्ये घर जुने दाखवायचे म्हणजे सगळीकडे पातळ तपकिरी रंगाचा हात द्यायचा, पोपडे काढायचे आणि कोपऱ्यांत काळे भरायचे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे. ती मला इथे अजिबात लावायची नाही. चाळ जुनी होती, पण घर राबते होते. दर दिवाळीआधी भिंतींना नीळ घातलेल्या चुन्याचा हात बसत असे आणि पितळेची भांडी राख व चिंच लावून लख्ख घासली जात. म्हणून झीज दिसायला हवी ती फक्त जिथे माणसांचा हात, पाय किंवा पाठ रोज लागत होती तिथे. उंबरठा मधोमध खोलगट झालेला, गॅलरीच्या कठड्याचा वरचा दांडा हाताने गुळगुळीत आणि गडद झालेला, स्टोव्हच्या मागची भिंत वरवर जात फिकट होत गेलेल्या काजळीची. एवढे मला जमले आहे. उंबरठा खऱ्या सागाच्या पट्टीचा असल्याने तो पॉलिश पेपरने मध्ये घासून घेतला आणि मग नुसते मेण चोळले. काजळीसाठी सॉफ्ट पेस्टलची पूड कोरड्या ब्रशने खालून वर नेली.

अडले आहे ते डोक्याच्या तेलाच्या डागांपाशी. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची जी जागा होती, तिथे वर्षानुवर्षांच्या खोबरेल तेलाने एक अंधुक पट्टा उमटलेला होता, आणि चुन्याचा नवा हात दिल्यावरही तो काही महिन्यांत पुन्हा वर येत असे. बसलेल्या मोठ्या माणसाचे डोके भिंतीला जिथे लागते ती उंची जमिनीपासून साधारण पाऊण मीटर, म्हणजे प्रतिकृतीत सहा ते साडेसहा सेंटिमीटर होते. त्या उंचीवर एकसलग पट्टी नको, तर एकात एक मिसळलेले तीन-चार गोलसर डाग हवेत, आणि ते रंगाने जेमतेम गडद पण प्रकाश तिरपा पडला की किंचित चकाकणारे हवेत. खरे तेल लावायचे नाही हे ठरले आहे, कारण भिंत एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या तक्त्यावर) चढवलेल्या माउंट बोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची आहे आणि त्यात तेल पुढची अनेक वर्षे पसरत राहील. सुटे तुकडे घेऊन मी सॅटिन (अर्धवट चकाकीच्या) व्हार्निशमध्ये बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा अगदी थोडा अंश मिसळून स्पंजने टेकवून पाहिला. रंग बरोबर येतो, पण कडा सुकताना गडद होऊन प्रत्येक डागाभोवती रेघ उमटते. ती कडा विरघळवण्यासाठी रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रावण) घालावा, की भिंत आधी नुसत्या पाण्याने ओलसर करून घ्यावी? की हे काम व्हार्निशचे नसून मेणाचे आहे?

याला जोडूनच दुसरा प्रश्न. पेस्टलची पूड पक्की करण्यासाठी वरून मॅट व्हार्निश मारावे लागते, आणि त्याखाली पुडीचा अर्धा परिणाम गडप होतो. शिवाय ही मुंबई आहे. पावसाळी हवेत मी एका जादा तुकड्यावर स्प्रे मारून पाहिला, तर सुकल्यावर त्यावर पांढरट धुके चढले. द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि थरात अडकते, हे कारण मला समजले आहे. म्हणून परतीचा पाऊस सरून ऑक्टोबरची कोरडी दुपार मिळेपर्यंत स्प्रेला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. पण भिंतींना स्प्रे मुळात हवाच का, असाही विचार येतो. काचेच्या पेटीत ठेवायच्या आणि कुणी हात न लावायच्या भिंतीवरची काजळी व्हार्निशने न बांधता तशीच ठेवली, तर ती टिकते का? ज्यांच्या जुन्या कामांवर अशी न बांधलेली पूड आहे, त्यांनी ती आज कशी दिसते ते अवश्य सांगावे.

आता पाणी. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलमध्ये असलेले राणी मेरीचे बाहुलीघर, जे वास्तुविशारद एडविन लुट्यन्स यांच्या आराखड्यावरून १९२४ मध्ये पूर्ण झाले, तेही १:१२ याच प्रमाणातले आहे आणि त्यातल्या नळांना खरे पाणी येते. मला मात्र खरे पाणी नको आहे, कारण पाण्याचा थेंब प्रमाणात लहान होत नाही. पिंपात आणि शेजारच्या बादलीत मी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे पारदर्शक द्रव) ओतायचे ठरवले आहे. अडचण अशी की रेझिन भांड्याच्या कडेने वर चढते, पृष्ठभाग मध्ये खोल आणि कडेला उंच होतो, आणि ती वर चढलेली कड पाहताच भांडे खरे नसून दीड इंचाचे आहे हे उघड होते. खऱ्या पिंपात पाणी सपाट दिसते. यावर दोन उपाय सुचतात. एक म्हणजे रेझिन पातळ थरांत ओतून, शेवटचा थर घट्ट होऊ लागल्यावरच घालणे. दुसरा म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिक शीटची चकती आतल्या व्यासाला नेमकी कापून बसवणे आणि वर ग्लॉसचा एकच हात देणे. दुसरा उपाय मला अधिक पटतो, पण चकती आणि पितळ यांच्यामधली सांध कशी लपवायची ते समजत नाही. मोरीच्या शहाबादी लादीवरचा ओलावा मात्र ग्लॉस व्हार्निशने छान साधला आहे, त्याबद्दल शंका नाही.

दिव्यांबद्दल थोडक्यात सांगते. नेहमीचा पिवळा बल्ब सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे बाजारात मिळणारा ५ मिलिमीटरचा एलईडी १:१२ मध्ये थेट बल्ब म्हणून शोभतो, लांबीलाही जवळपास तंतोतंत. लॅमिंग्टन रोडवरून वॉर्म व्हाइट घेतले, ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर जोडले आणि ४७० ओहमचा रेझिस्टर लावून उजेड चाळीस वॉटच्या दिव्याइतका मंद वाटेल असा उतरवला. तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून नेल्या आहेत, तशाच त्या चाळीतही होत्या. प्रश्न एवढाच की एलईडी उजेड सरळ खाली फेकतो आणि बल्ब चहूकडे पसरवतो. एलईडीचा वरचा घुमट पॉलिश पेपरने खरवडून फरक पडला, तरी कोपरे अजून काळोखेच राहतात. याहून चांगला मार्ग कुणाला ठाऊक असल्यास सांगावा.

कापडावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. छताखालच्या दांडीवर आईच्या आईचे नऊवारी वाळत घातलेले हवे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, अर्थात प्रतिकृतीत सत्तावीस इंच लांब आणि पावणेचार इंच रुंद. लांबी-रुंदी प्रमाणात येते, जाडी येत नाही. मंगलदास मार्केटमधले सर्वांत तलम मलमल आणले तरी त्याची घडी प्रमाणात गोधडीएवढी जाड दिसते, आणि स्वतःच्या वजनाने ते खाली पडतच नाही, कडक उभे राहते. थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या पाडून पातळ केलेले फेव्हिकॉल लावले तर आकार धरतो, पण कापड मेलेले दिसते. घडी घातलेल्या वर्तमानपत्रासाठी मी पतंगाचा कागद वापरला आणि तो उत्तम ठरला (साधा छपाईचा कागद बारा पटीने मोठा कल्पून पाहा, तो पुठ्ठाच होतो), म्हणून साडीसाठीही कागदाकडे वळावे का असा विचार आहे. चायना सिल्क (हलके, तलम रेशमी कापड) धुऊन मऊ करून कुणी अशा वाळत घातलेल्या कपड्यासाठी वापरले आहे का? काठ विणलेले दिसायला हवेत, रंगवलेले नकोत, ही माझी अट आहे, आणि ती बहुधा सोडावी लागणार नाही असे कुणी म्हणाले तर फार आनंद होईल.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मतभेद होतील याची मला कल्पना आहे. आजीची पितळी भातुकली माझ्याकडे आहे आणि त्यातली काही भांडी या स्वयंपाकघरात असावीत अशी आईची इच्छा आहे. पण भातुकली एका प्रमाणात घडवलेली नसते. तिच्यातला तांब्या दोन इंचांचा आहे, म्हणजे इथे तो दोन फुटी ठरेल. कळशी मात्र सव्वा इंचाची असल्यामुळे मांडणीखाली हंड्याच्या जागी अगदी नेमकी बसते. मी कळशी आणि दोन लहान वाट्या घेतल्या आहेत. वाट्या इथे पातेली झाल्या आहेत आणि बाकीचा संच बाहेर ठेवला आहे. माझ्या मते प्रमाण मोडणारी एकही वस्तू आत गेली की सगळे घर खेळणे वाटू लागते, मग ती कितीही जिव्हाळ्याची असो. तरीही उरलेला संच याच कामाच्या सोबत, पण खोलीबाहेर, कसा मांडता येईल याबद्दल सूचना हव्या आहेत. त्याच पेटीत खालच्या बाजूला एक उथळ कप्पा करावा असा एक विचार आहे.

शेवटी पेटीबद्दल. बाहेरचे माप तीस बाय चौदा बाय सोळा इंच धरले, तर ४ मिलिमीटरच्या काचेचे वजन बारा किलोच्या आसपास जाते, आणि तेवढ्याच जाडीचे अॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहूनही हलके पडते. अॅक्रिलिकवर मात्र ओरखडे पटकन उठतात आणि पुसताना ते धूळ आणखी ओढून घेते. आमचे घर रस्त्यालगत असल्याने धुळीचा विचार मला टाळता येत नाही, त्यामुळे मन काचेकडे झुकते. अडचण दमटपणाची आहे. पेटी पूर्ण बंद केली तर आतल्या एमडीएफमधली ओल आतच राहील, फट ठेवली तर जुलै-ऑगस्टची हवा आत जाईल. एमडीएफच्या सगळ्या कडा सँडिंग सीलरने (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाने) बंद केल्या आहेत, पण आतला कागद आणि कापड उघडेच आहे. तळाच्या पट्टीत जाळी लावलेला छोटा कप्पा करून त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या पेटी न उघडता बाहेरून बदलता याव्यात, असा आराखडा मी काढला आहे. किनाऱ्याजवळच्या गावांत ज्यांनी अशी कामे काही पावसाळे जपली आहेत, त्यांनी पेटी बंद ठेवली की हवेशीर, आणि पुड्या किती दिवसांनी बदलाव्या लागतात, एवढे कृपया कळवावे. कारागिराला पेटीची मापे देण्याआधी तळाच्या त्या कप्प्याची उंची मला पक्की करायची आहे.