मदत हवी आहे: आजोबांच्या अंगठीतला नीलम खरा आहे का?

उदगीरचा पाहुणा

नमस्कार मंडळी. आजोबा वकील होते. निजामाच्या काळात कामानिमित्त त्यांचं हैदराबादला जाणं-येणं असायचं. पोलीस ॲक्शनच्या (1948) आधी कधीतरी त्यांनी तिथल्या पत्थरगट्टी बाजारातून सोन्याची अंगठी आणली, त्यात गर्द निळा खडा आहे. पावती वगैरे काही नाही.

आता घरात वाटण्या चालल्यात. काका म्हणायलेत, हा काश्मिरी नीलम आहे, याची किंमत वेगळी धरा. आत्याला आजोबांची आठवण म्हणून अंगठी हवी आहे, किमतीचं तिला काही नाही. आईचं तिसरंच, नीलम सगळ्यांना लाभत नाही, घरात ठेवूच नका. सराफ म्हणाला, "काच नाही, पण एवढा साफ नीलम नसतो. ठेवून जा, बघतो." ठेवून आलो नाही, हे सांगायला नकोच.

खडा भिंगातून पाहिला तर आत डाग, रेघ काहीच दिसत नाही. दुधात टाकून बघा, काचेवर ओरखडा काढून बघा, असे सल्ले मिळालेत. खरंच काही कळतं का त्यानं? आणि जुनी वस्तू म्हटल्यावर खरीच असणार ना?

काळा पाषाण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी 1902 मध्ये ज्योतीत माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली आणि 1910 च्या सुमारास त्याच रीतीनं निळा नीलमही तयार होऊ लागला. म्हणजे आजोबा हैदराबादला गेले तेव्हा कारखान्यातला नीलम बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती. विकणाऱ्यालाही ते माहीत असेलच असं नाही.

दूध विसरा. ओरखडाही विसरा. नीलम म्हणजे कुरुविंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीणपणा 9. कारखान्यातला खडाही तोच पदार्थ, कठीणपणा तोच, घनताही तीच, साधारण 4. काच दोघंही कापतात. फरक असतो तो वाढण्यात. ज्योतीतून भुकटी वितळून थरावर थर बसत जातो, म्हणून रंगाचे पट्टे ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे वळणदार येतात, कधी बारीक हवेचे बुडबुडेही असतात. खाणीतल्या खड्यात पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात, बऱ्याचदा रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया दिसतात, त्याला 'रेशीम' म्हणतात. अगदी साफ खड्याचा संशय येतो तो यामुळेच. सराफ त्या बाबतीत चुकीचं बोलला नाही.

काकांना सांगा, ज्याच्या त्याच्या आजोबांचा नीलम काश्मिरीच असतो! काश्मिरी नीलमाची पाडर इथली खाण 1881 च्या सुमारास दरड कोसळल्यावर उघडी पडली, आणि मखमली निळा उत्तम माल काही वर्षांतच संपत आला. श्रीलंकेचा असण्याची शक्यता जास्त, तोही खाणीतला असेल तर. आणि गर्द निळाच भारी असंही नाही. लोह आणि टायटॅनियम मिळून निळा रंग येतो, लोह फार झालं की खडा काळपट दिसतो. पिवळ्याला आपण पुष्कराज म्हणतो तोही बहुधा हाच दगड, आणि क्रोमियमनं लाल झालेला तो माणिक.

अंगठी मागून उघडी आहे की बंद कोंदण?

उदगीरचा पाहुणा

मागून उघडी आहे. आणि हो, काकांना हे वाचून दाखवलं. "तो कोण शिकवायलाय मला," म्हणाले.

काळा पाषाण

उघडी आहे ते बरं. उजेड आरपार जाईल अशा पांढऱ्या कपात पाणी घ्या, अंगठी बुडवा, खालून उजेड सोडा आणि दहापट भिंगातून कडेनं बघा. वळणदार पट्टे दिसले तर खडा कारखान्यातला, विषय संपला. (बंद कोंदण असतं तर पाणी लावू नका म्हणालो असतो, मागचा वर्ख खराब होतो.) काहीच दिसलं नाही तर मात्र घरी ठरवू नका.

सोनारगल्ली

मुंबई किंवा जयपूरच्या रत्नप्रयोगशाळेत द्या. अहवालात नैसर्गिक की कृत्रिम आणि रंग खुलवायला तापवलेला की नाही, दोन्ही लिहून घ्या. न तापवलेल्याला भाव बराच जास्त मिळतो, वाटणीत तोच मुद्दा येणार. खडा कुठल्या प्रदेशातला ते सांगायचे पैसे वेगळे पडतात, ते काकांच्या खात्यावर टाका. आणि तोवर अंगठी लहान-मोठी करायला कुणाला देऊ नका. सोनारानं खडा न काढता झाळ मारली तर आहे तेही खराब व्हायचं.