बंड, उठाव की क्रांती? अमेरिकेतल्या वसाहतींबद्दल लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या इतिहासावर मराठीत मजकूर लिहिते आहे. एका वाक्यावर अडले आहे: ‘१७६३ नंतर वसाहतवासी आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला तणाव वाढत गेला आणि त्याचं पर्यवसान ___ झालं.’ रिकाम्या जागी बंडात, उठावात की क्रांतीत? शब्दकोश तिन्ही देतो. शिवाय ‘वसाहतवासी’ हा शब्द पटत नाही. वसाहत म्हटलं की मुलांना औद्योगिक वसाहत नाहीतर पोलीस वसाहत आठवते.

उत्तर

तिन्ही शब्द बरोबर आहेत, पण एकाच सालाला तिन्ही लागू पडत नाहीत. तुमचं वाक्य १७६३ ते १७७६ ही तेरा वर्षं एका दमात ओलांडतं, तिथे खरी अडचण आहे.

आधी ‘बंड’. निवडणुकीच्या दिवसांत आपण ‘बंडखोर उमेदवार’ म्हणतो तो कोण असतो? त्याच पक्षातला, तिकीट नाकारलेला माणूस. विरोधी पक्षाच्या उमेदवाराला कुणी बंडखोर म्हणत नाही. म्हणजे बंड घरातला माणूस करतो. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींमधल्या लोकांची स्थिती १७७५ पर्यंत नेमकी अशी होती. ते स्वतःला इंग्रज राजाचे प्रजाजन समजत आणि इंग्लंडातल्या माणसाला जे हक्क आहेत तेच आम्हालाही आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. परक्यांच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्या लोकांशी त्यांची तुलना करून मुलं फसतात, म्हणून हे आधी स्पष्ट करा.

१७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रान्सकडून कॅनडा मिळाला, पण ब्रिटनच्या डोक्यावरचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च तिथल्या लोकांनीही थोडा सोसावा, असं लंडनला वाटलं. त्याच वर्षी राजाने जाहीरनामा काढून अॅपलाशियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायला मनाई केली. ज्यांचा त्या जमिनीवर डोळा होता ते नाराज झाले. इथवर ‘धुसफूस’ म्हणा. ‘तणाव’ हा वर्तमानपत्री शब्द आहे, कुठेही चिकटतो आणि काही सांगत नाही.

मग १७६५ चा स्टॅम्प कायदा. आपल्याकडे घर घेताना, भाडेकरार करताना मुद्रांक शुल्क भरतो, त्यामुळे मुलांना हा पटकन कळेल. कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, सगळं शिक्का मारलेल्या कागदावरच हवं. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा शिलिंग, विद्यापीठाच्या पदवीपत्राला दोन पौंड. आणि हे सगळं रोख ब्रिटिश चलनात, ज्याची तिथे कायमची टंचाई. कायद्याचा फटका नेमका वकील, छापखानेवाले आणि व्यापारी यांना बसला. बोलणारे आणि लिहिणारे तेच होते! ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या जमावाने स्टॅम्प वाटण्याचं काम मिळालेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, पुढे लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सनचं घर धुऊन नेलं. याला ‘उठाव’ म्हणू नका, हा दंगा. पण ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजाकडे व पार्लमेंटकडे रीतसर अर्ज केले, त्याला दंगा म्हणता येत नाही. एकाच वर्षात दोन्ही गोष्टी घडल्या.

१७६६ मध्ये कायदा मागे घेतला. पण त्याच दिवसांत पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला, की वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील ठरवण्याचा अधिकार आम्हाला आहेच. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे, पैशात नाही. पैसे सोडले, अधिकार सोडला नाही. इथून पुढे मी ‘बेबनाव’ शब्द वापरेन.

चहाचं प्रकरण याच दृष्टीने सांगा. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत उलट स्वस्त झाला. हीच आपल्या ओळखीची कंपनी, बंगालची दिवाणी हातात असूनही कर्जात बुडालेली आणि गोदामं चिनी चहाने भरलेली. पण पौंडामागे तीन पेन्सची जकात तशीच ठेवली होती. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे ती जकात निमूटपणे मान्य करायची. म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या. महागाईविरुद्धचा मोर्चा म्हणून ही घटना सांगितली की सगळा अर्थ हातचा जातो.

यानंतर सरकारने बॉस्टनचं बंदर बंद केलं आणि बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार केले. ‘सनद’ हाच शब्द ठेवा, मराठीला तो पाठ आहे: राज्यकर्त्याने दिलेली, पिढ्यान्पिढ्या जपलेली, आणि ती मोडली की जुना इमानी माणूसही बिथरतो. एका बंदराला दिलेली शिक्षा बाकीच्या वसाहतींनी स्वतःलाच दिलेली मानली. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले, फक्त जॉर्जिया नव्हती. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि कॉनकॉर्ड इथे गोळ्या चालल्या. आता ‘उठाव’ म्हणा, ‘सशस्त्र’ जोडून.

‘क्रांती’ मात्र ४ जुलै १७७६ नंतरच. राजाच नको, हे ठरल्याशिवाय क्रांती कसली?

दुसरं उत्तर

विवेचन आवडलं, पण ‘बंड’ला माझा विरोध आहे. ‘५७ चं बंड’, ‘गडकऱ्यांचं बंड’ ही राज्यकर्त्यांची भाषा पुसायला आपल्याला किती वर्षं लागली! १८४४ च्या कोल्हापूरच्या गडकऱ्यांना आज आपण उठाव करणारे म्हणतो, तर बॉस्टनवाल्यांना बंडखोर का म्हणायचं? अमेरिकेतही तो शब्द राजाचाच होता. जुलै १७७५ मध्ये, लढाई सुरू झाल्यावरसुद्धा, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला. त्याने तो घेतला नाही आणि ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढला, की वसाहतींनी उघड बंड पुकारलं आहे. ते लोक स्वतःला बंडखोर मानत नव्हते.

पहिल्या उत्तराची पुरवणी

मान्य. निवेदकाच्या तोंडी ‘बंड’ नको, सरकारची बाजू सांगताना ठेवा. मात्र ‘ते घरातलेच होते’ हा मुद्दा सोडू नका, तो सोडला तर १७७५ चा समेटाचा अर्ज मुलांना कळणारच नाही.

‘वसाहतवासी’बद्दल: ‘वसाहतकरी’ लिहा. गावकरी, शेतकरी यांच्या रांगेत तो सहज बसतो आणि ‘वसाहत करणारा’ हा अर्थ त्यात आपोआप येतो. ‘ब्रिटिश वसाहतीतील जनता’ म्हटलं की आपल्याकडे राज्याखाली भरडलेले लोक डोळ्यांपुढे येतात. इथे उलट आहे. जमीन मूळ रहिवाशांची, तिच्यावर येऊन वसलेले हे. मूळ रहिवाशांसाठी वेगळा शब्द ठेवाच, नाहीतर १७६३ ची मनाई कुणाच्या जमिनीसाठी होती ते कळत नाही.

गुलामांचंही तेच. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. त्यांच्या लेखी स्वातंत्र्याची वाट राजाच्या छावणीकडे जात होती. एका परिच्छेदात का होईना, हे यायला हवं.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. वाक्य आता असं केलं आहे: ‘१७६३ नंतर वसाहतकरी आणि लंडनचं सरकार यांच्यात कर लावण्याच्या अधिकारावरून बेबनाव वाढत गेला. १७७५ मध्ये त्याचं पर्यवसान सशस्त्र उठावात झालं आणि १७७६ पासून तो उठाव स्वातंत्र्ययुद्ध बनला.’ ‘राज्यक्रांती’ हा शब्द पुढच्या प्रकरणासाठी, नव्या राज्यघटनेपाशी ठेवते आहे. स्टॅम्पच्या कागदाचा तक्ता मात्र पूर्ण देणार, पत्त्यांच्या जोडासकट.