‘कर्ता’चं स्त्रीलिंग काय करायचं?

रफार:
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडलोय. आठवी-नववीच्या मुलींना कायद्याची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका मुद्रितशोधनासाठी माझ्याकडे आली आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘घरातली थोरली मुलगीही एकत्र कुटुंबाचा कर्ता होऊ शकते.’ वाचताना दाताखाली खडा आला. मुलगी, कर्ता, शकते. मी ‘कुटुंबाची कर्ती’ केलं आणि प्रूफ पाठवून दिलं.

लेखिका स्वतः वकील आहेत. त्यांनी लाल शाईने ‘कर्ती’ खोडलं आणि समासात लिहिलं, ‘कायद्यातला शब्द कर्ता. कर्ती म्हणजे कामाला वाघ असलेली बाई.’

आणि त्यांचं खोटं नाही हो. ‘आमची थोरली सून फार कर्ती आहे’ म्हटलं की डोळ्यांपुढे पदर खोचलेली, पहाटेपासून राबणारी बाई येते. ‘कर्ता मुलगा’ म्हटलं की मिळवता, व्यवहार बघणारा, चार माणसांत शब्द असलेला. ‘घरातला कर्ता पुरुष गेला’ या वाक्यात उत्पन्न जातं. ‘घरातली कर्ती बाई गेली’ म्हणतात तेव्हा चूल विझलेली असते. एकाच धातूपासून निघालेली ही दोन रूपं, पण एकाच्या हातात तिजोरी आणि दुसरीच्या हातात झाडू. तर मी काय छापू?

वेलांटी:
व्याकरणाचं आधी उरकते. संस्कृतात कर्तृ, त्याचं पुल्लिंगी रूप कर्ता आणि स्त्रीलिंगी कर्त्री. दाता-दात्री, अभिनेता-अभिनेत्री, तसंच. पण मराठीने प्रत्येक वेळी ‘-त्री’ घेतलेलं नाही. ‘कार्यकर्ती’ बघा. ‘कार्यकर्त्री’ कोण म्हणतं? ‘ज्येष्ठ सामाजिक कार्यकर्त्या’ रोज पेपरात असतात.

गंमत ‘नेत्या’ची आहे. ‘पक्षाच्या नेत्या म्हणाल्या’ असं सर्रास छापतात. हे नेताचं अनेकवचन नव्हे, ते नेते. ‘नेत्या’ हे ‘नेती’चं आदरार्थी अनेकवचन, आणि ‘नेती’ हे एकवचन मात्र कुणाच्या तोंडी नाही. म्हणजे आदर द्यायचा झाला तर रूप तयार आहे, एकेरीत उल्लेख करायचा तर शब्दच नाही! माझ्या मते ही मराठीची लबाडी नसून सोय आहे, पण मजेशीर आहे खरी.

आता वकीलबाईंना एक विचारा. न्यायालयीन मराठीत ‘याचिकाकर्ती’ लिहितात की नाही? ‘तक्रारकर्ती’? शेपटाला चालणारी कर्ती एकटी आली की कामवाली कशी होते?

काळा कोट:
वेलांटीताईंचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, तरी वकीलबाईंची बाजू थोडी मांडतो. हिंदू एकत्र कुटुंबातला ‘कर्ता’ म्हणजे नुसता वडीलधारा नव्हे. तो कुटुंबाच्या वतीने व्यवहार करतो. कायदेशीर गरजेसाठी मिळकत गहाण टाकू शकतो, विकूही शकतो, आणि ते इतरांवर बंधनकारक ठरतं. इंग्रजी निकालपत्रांतसुद्धा हा शब्द जसाच्या तसा ‘कर्ता’ म्हणून येतो, भाषांतर होत नाही. म्हणून वकील त्याला हात लावू देत नाहीत.

हे पद सहदायादालाच मिळायचं, म्हणजे ज्याला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा आहे त्याला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात मुलगी वारस होती, सहदायाद नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तिला सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, त्यात विवाहित-अविवाहित हा फरक गेला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको यावर न्यायालयांत पंधरा वर्षं घोळ चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची अट नाही. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरली मुलगी कर्ता होऊ शकते असा निकाल दिला होता. युक्तिवाद साधा होता: सहदायाद होता येतं, तर कर्ता का नाही?

तेव्हा मजकूर बरोबर आहे. अडचण फक्त ‘कर्ता’च्या आकाराची.

पूर्णविराम:
मग ‘कुटुंबप्रमुख’ लिहा आणि मोकळे व्हा. एका आकारासाठी एवढा खल कशाला? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. कुणी विचारलं का प्रमुखाचं स्त्रीलिंग? शिवाय १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच म्हटलंय की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा. ‘कर्ता’त ‘कर्ती’ आलीच.

काळा कोट:
साहेब, ‘कुटुंबप्रमुख’ लिहिलंत तर अर्थ बदलेल. शिधापत्रिकेवरच्या प्रमुखाला जमीन विकता येत नाही.

माहेरवाशीण:
पूर्णविरामदादा, पुल्लिंगात आम्ही ‘आलोच’ असतो तर १९५६ पासून आलो असतो की. तिथे ‘मुलगा’ म्हणजे मुलगाच होता, त्यात मुलगी धरायला कुणी तयार नव्हतं. दंड भरायची वेळ आली की पुल्लिंगात बायका येतात, हिस्सा घ्यायच्या वेळी बाहेर.

माझ्या आईचं सांगते. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली. मामांची नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लागली, आई आणि मावशीची नावं गेली ‘इतर हक्कांत’. विहिरीचा हिस्सा, सोसायटीचा बोजा आणि त्याखाली दोन बहिणी! आईने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘ताई, नाव आहे ना? मग?’ पुढे तेही हक्कसोडपत्राने गेलं. हा शब्दसुद्धा बघा कसा आहे. ‘हक्कसोड’. आईने आयुष्यात कधी ‘मी हक्क सोडला’ असं म्हटलं नाही. ती म्हणते, ‘सही करून आले.’ सही न करणारीचं माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

आणि जमिनीच्या भांडणाला आपण ‘भाऊबंदकी’ म्हणतो. बहिणींना भांडणातसुद्धा धरलेलं नाही.

वेलांटी:
भाऊबंदकी! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

रफारकाका, आणखी एका शब्दाकडे बघाल का? पुस्तिकेत ‘नांदवणे’ आहेच असणार. नांदणे म्हणजे सुखाने राहणे. ‘नांदतं घर’ म्हणतो, ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद दोघांना मिळून देतो. पण ‘नांदायला’ जाते फक्त ती. आणि ‘नांदवतो’ फक्त तो. नांदवणे हे प्रयोजक क्रियापद. तिने नांदायचं, त्याने नांदवायचं. ‘कर्ता-करविता’ आपण देवाला म्हणतो, इथे ते पद नवऱ्याला.

काळा कोट:
हे तर आमचं रोजचंच. हिंदू विवाह अधिनियम १९५५, कलम ९. जोडीदार सबळ कारणाशिवाय सोडून गेला तर दुसऱ्याने सहवासासाठी दावा लावायचा. कलम दोघांना सारखं, शब्दही सारखे. पण मराठीत नोटीस काढली की दोन वेगळी क्रियापदं होतात. नवऱ्याकडून: ‘नोटीस मिळताच आठ दिवसांत नांदावयास यावे.’ बायकोकडून: ‘सामनेवाला मला नांदवण्यास तयार नाही.’ ‘नवऱ्याने नांदायला यावे’ असं मी कधी लिहिलेलं नाही, लिहिलं तर अशील हसेल. घरजावयाचा खटला वाटेल तो.

या दाव्याचा मराठी मुलखातला सगळ्यांत गाजलेला खटला रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण त्या सासरी गेल्याच नव्हत्या. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करेन म्हणून कळवलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या. तडजोडीनंतर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणारा संमतिवयाचा कायदा आला. त्या कायद्याच्या वादात या खटल्याचं नाव पुन्हापुन्हा निघालं.

रफार:
रखमाबाई घेतोच पुस्तिकेत. ‘नांदली नाही, शिकली’ असं उपशीर्षक डोक्यात आलंय, पण वकीलबाई लाल शाई काढतील.

पूर्णविराम:
वा, म्हणजे आता प्रयोजकावर खापर. मग शाळेच्या भिंतीवरचं ‘मुलगी शिकवा’सुद्धा वाईट का? शिकणेचं प्रयोजक शिकवणे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा कुणीतरी शिकवलं म्हणूनच कुणीतरी शिकलं ना?

वेलांटी:
बरोबर पकडलंत. मी प्रयोजकाच्या विरोधात नाही. पण ‘मुलगी शिकवा’त मुलगी कर्म आहे आणि ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’त ती कर्ता आहे. दोन्ही घोषणा मी भिंतीवर वाचत मोठी झाले. दुसरी जास्त आवडायची. कारण तेव्हा कळत नव्हतं.

काळा कोट:
कायद्याला मात्र प्रयोजक लागतंच. कोणी करवायचं हे लिहिलं नाही तर जबाबदारी कुणाच्या गळ्यात बांधणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या नावात ‘मोफत व सक्तीचे शिक्षण’ आहे. लोकांना वाटतं सक्ती मुलांवर. व्याख्या वाचा: सक्ती सरकारवर आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेत आणणं, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईल हे बघणं हे सरकारचं बंधन. त्याच कायद्यात ‘बालक’ची व्याख्या करताना मुलगा किंवा मुलगी असं फोडून सांगितलंय. पुल्लिंगात मुली आपोआप येतील यावर तिथे कुणी विसंबून राहिलेलं नाही, पूर्णविरामसाहेब.

माहेरवाशीण:
कर्ता-कर्म चाललंय म्हणून विचारते. ‘विनयभंग’चं काय करायचं? ‘विद्या विनयेन शोभते’ आपण मुलांना शिकवतो, तिथे विनय म्हणजे नम्रता. मग रस्त्यात कुणी अंगाला हात लावला तर भंग माझ्या नम्रतेचा होतो? माझी नम्रता तिथेच संपते, पण ती मी संपवते!

आणि बातमी कशी येते? ‘महिलेचा विनयभंग.’ वाक्यात करणारा कुठेच नाही.

काळा कोट:
भारतीय दंडसंहितेतल्या ‘मॉडेस्टी’ या इंग्रजी शब्दाला शालीनता आणि नम्रता अशा दोन छटा होत्या, मराठीत विनय आला आणि चिकटला. १९६६ मध्ये साडेसात महिन्यांच्या बाळाच्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता: एवढ्याशा जिवाला ‘विनय’ असतो का? न्यायालयाने सांगितलं, असतो. तो तिच्या समजुतीवर अवलंबून नाही, ती स्त्री असण्यातच आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम ३५४ चं ७४ झालं, शब्द तोच राहिला. पुस्तिकेत ‘विनयभंग’ ठेवावाच लागेल, कारण मुलीने पोलिसांत हाच शब्द उच्चारला पाहिजे. पण पुढचं वाक्य कर्तरी लिहा. ‘एखाद्याने इच्छेविरुद्ध हात लावला, तर तो गुन्हा करतो.’

रफार:
हे फार उपयोगी पडलं. आज बसून सगळी वाक्यं तपासली. एक गोष्ट सांगतो, पुढे कुणाला अर्जांचे मसुदे करायचे असतील तर कामाला येईल. ‘अर्जदार सही करतो’ लिहिलं की बाई बाहेर. ‘करतो/करते’ लिहिलं की पान तिरक्या रेघांनी भरतं. पण ‘अर्जदाराने सही करावी’, ‘अर्जदाराने फॉर्म भरला असल्यास’ लिहिलं की लिंग गायब, कारण क्रियापद कर्त्यामागे जात नाही. आणि भविष्यकाळात तर मुळातच भेद नाही. तो जातो, ती जाते. तो गेला, ती गेली. पण तो जाईल, ती जाईल. चाळीस वर्षं प्रुफं वाचतोय, हे आत्ता दिसलं.

वेलांटी:
काका, मग ते वाक्य भविष्यकाळात टाकून बघा.

रफार:
टाकलं. ‘घरातली थोरली सहदायाद मुलगी असेल, तर ती कुटुंबाची कर्ती होईल.’ याचिकाकर्तीचा दाखला जोडून फोनवर वाचून दाखवलं. वकीलबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘होईल नको, होऊ शकेल करा, घरचे आडवे आले तर कोर्टात जावं लागेल.’ आणि कर्तीपुढे कंसात ‘कर्ता’ घालायला लावलं.

माहेरवाशीण:
कंस चालेल. पण पुस्तिका छापून आली की दोन प्रती मला पाठवा, एक आईला हवी आहे.